छापील रकान्यातली गाय

जुलै संपता संपता क्यारुबालेचा तलाव आटला. मधोमध उरलेल्या डबक्यासाठी गुरं खोल चिखलात जात आणि तिथेच रुतत. माणसं दोर घेऊन काठावर बसून असत. कारेग्येसाची गाय बिहोगो अशीच रुतली. चौघांनी ओढून बाहेर काढली, पण तिचे मागचे पाय उभे राहिनात. बाभळीखाली ती पडून राहिली. गवताची पेंढी तोंडापुढे धरली की हुंगायची आणि मान वळवायची. एका सकाळी तिने मानही वळवली नाही. म्हाताऱ्या कारेग्येसाने मुलाला खड्डा खणायला लावला, स्वतः कडेला काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला, आणि माती लोटून झाल्यावर घरी येऊन म्हणाला, "बिहोगोला तिकडे सावली बरी आहे."

त्यावर घरात कुणी काही बोललं नाही. पुढेही नाही. मुलगा काटुंगी दूध काढताना तिची जागा रिकामी सोडून पुढच्या गाईकडे जाई. सून केन्यांगी दूध ठेवायचे कोरलेले भोपळे गवताच्या धुराने शेकून ठेवी, त्यात बिहोगोचा भोपळाही असे. तो धुऊन, शेकून, झाकण लावून परत फळीवर जाई.

तलावापाठोपाठ लाळ-खुरकुताची बातमी आली आणि सगळ्या तालुक्याची गुरं जागच्या जागी बांधली गेली. नदीपलीकडे काटुंगीच्या मामाच्या रानात अजून गवत होतं, पाणी होतं. पण पुलावर अडसर पडला होता. मग बऱ्याच खटपटींनंतर पशुवैद्यकीय कचेरीने सांगितलं की ज्यांची गुरं तपासून निरोगी ठरली आहेत त्यांना येत्या गुरुवारी सकाळी पुलावरून सोडू. फक्त त्या एका सकाळी. प्रत्येक घराला परवान्याचा एकच छापील फॉर्म मिळेल, त्यावर लाल शाईत क्रमांक असेल, आणि तो टाइप करून आणायचा. हाताने लिहिलेला चालणार नाही. मागच्या वर्षी लोकांनी त्याच शाईने आकडे वाढवले होते आणि दुसऱ्यांची आजारी गुरं आपल्या परवान्यावर पार नेली होती.

क्यारुबालेच्या बाजारात कॉम्प्युटर एकच होता आणि तो केन्यांगीचा. एझ्रा शिंप्याच्या दुकानाला लागून पत्र्याची एक खोली, तीत एक टेबल, जुना लेझर प्रिंटर आणि भिंतीवर येशूचं कॅलेंडर. पलीकडची मक्याची गिरणी चालू असली की तिच्या जनरेटरवरून वीज मिळे. गिरणी थांबली की केन्यांगी हात पुसून बाहेर एझ्राच्या बाकावर येऊन बसे.

त्या आठवड्यात तिला बसायला फुरसत नव्हती. कोरा कागद टाइप करणं वेगळं आणि आधीच छापलेल्या चौकटींत मजकूर नेमका बसवणं वेगळं. तिने कचेरीतून मिळालेला पहिला फॉर्म पट्टीने मोजला होता. वरची कडा ते मालकाचं नाव, नाव ते गाव, गाव ते पहिली आडवी रेघ. त्या मापांनी तिने पडद्यावर एक तक्ता आखला आणि मग त्याच्या सगळ्या रेघा लपवल्या, म्हणजे कागदावर फक्त शब्द उमटतील. आधी साध्या कागदावर छापायचं. तो कागद फॉर्मवर ठेवून दोन्ही दाराच्या उजेडात धरायचे. शब्द रेघेवर चढला असेल तर केसभर खाली घ्यायचा. पुन्हा छापायचं, पुन्हा धरायचं. सगळं जुळलं की मग श्वास रोखून खरा फॉर्म ट्रेमध्ये सरकवायचा. तो बिघडला तर दुसरा नाही, हे गिऱ्हाईकालाही ठाऊक असे. म्हणून फॉर्म आत जाताना बाया पदराचं टोक तोंडात धरत आणि पुरुष उगाच खाकरत.

घरचा फॉर्म तिने मंगळवारी घेतला. मजकूर सांगायला सासरे स्वतः आले. सासऱ्याने सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही आणि सुनेने सासऱ्याचं नावही तोंडातून काढायचं नाही, असा त्यांच्यातला रिवाज. म्हणून कारेग्येसा दुकानात न येता बाहेर एझ्राच्या मशीनजवळ बसला, दाराकडे पाठ करून.

"एझ्रा, तिला विचार, तयार आहे का?"

"तयार आहेस का गं?" एझ्राने सुईतून दोरा ओढत विचारलं.

"हो म्हणावं."

"हो म्हणते."

"ऐकलं मी. बहिरा नाही."

"मग मला कशाला मध्ये घेता, काका? इथे बाही उलटी शिवली जातेय माझी."

"तू शिव. उलटी शिवायची तुला सवयच आहे. एझ्रा, तिला सांग, गाई मी सांगेन तशा लिहायच्या. पुढेमागे करायच्या नाहीत."

फॉर्मवर गाईंचं वर्णन लिहायला रकाना होता, शेजारी शेरा लिहायला एक बारीक रकाना, आणि सगळ्यात खाली एकूण संख्येचा चौकोन.

"एकूण किती, असं विचारलंय खाली," केन्यांगी आतून हळूच म्हणाली.

"काका, किती आहेत एकंदर?" एझ्राने मुद्दाम विचारलं आणि हसू दाबलं.

म्हाताऱ्याने काठी जमिनीवर आपटली. "माझ्या गाई मोजायला मी खाटीक आहे का? त्या कुंपणाच्या वाडग्यातून बाहेर पडतात तेव्हा मला दिसतात. एक कमी असली तर रांगेत भोक दिसतं. मोजायचं असेल तर त्या यंत्राला मोजू दे. मला ऐकवू नका."

मग त्याने डोळे मिटले. गाई वाडग्यातून ज्या क्रमाने बाहेर पडत त्याच क्रमाने तो सांगू लागला. त्याचा आवाज बदलला. बाजारातली माणसं थबकली, कारण असं गुरांचं नामस्मरण आता फार घरांत उरलं नव्हतं, आणि ते चाललेलं असताना मध्ये बोलू नये हे पोरांनाही माहीत होतं.

"पुढे बिहोगो, भिजल्या मातीच्या रंगाची, शिंगांची टोकं एकमेकांना बघणारी. तिच्या मागे क्याशा, बिहोगोची लेक, आईचाच रंग, कपाळावर तेवढं चांदणं. तिच्या मागे गाजू, पिंगट, आखूड शेपटीची..."

केन्यांगीची बोटं पहिल्याच नावावर थांबली होती. तिने दाराकडे बघितलं. म्हाताऱ्याची पाठ दिसत होती, आणि पाठीवरून सुटलेलं उपरणं. आवाज पुढे चालला होता. ती ते रकान्यात मावेल अशा साध्या शब्दांत टाइप करत गेली. नंतर ही ओळ काढून टाकू, असं तिने मनाशी ठरवलं.

नंतर गिरणीवाल्याने ओरडून सांगितलं की डिझेल संपत आलंय. ती घाईने साधा कागद छापून उजेडात धरू लागली. शब्द रेघेवर चढताहेत का, शेवटची ओळ चौकोनात शिरतेय का, उजवीकडचं अक्षर कापलं जातंय का, हे तिने नीट बघितलं. शब्द कुठे पडतात ते बघताना शब्द काय आहेत हे बघायचं राहिलं. यंत्राने ओळी मोजून खालच्या चौकोनात आकडा टाकला. खरा फॉर्म आत गेला आणि सुबक छापून बाहेर आला. एकही अक्षर रेघेला लागलं नव्हतं. एझ्राने तो दोन बोटांत धरून वाऱ्यावर हलवला आणि म्हणाला, "काका, लग्नाच्या पत्रिकेसारखा झालाय."

बुधवारी सकाळी ती फॉर्म दाखवायला कचेरीत गेली. डॉक्टर ओद्वार उत्तरेकडचे, नवीन आलेले. उन्हातान्हात हिंडून त्यांच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. त्यांनी तपासणीची वही उघडली, बोट फिरवलं आणि कपाळाला आठी घातली.

"बाई, तपासणीत तुमची एक गाय कमी आहे. इथे एक जास्त. ही कुठून आली?"

केन्यांगीने फॉर्मकडे बघितलं. पहिल्या ओळीत बिहोगो उभी होती.

"ही... ही गेली, साहेब. चिखलात. तपासणीच्या आधीच."

"गेली तर लिहिली कशाला?"

"मालकांनी सांगितली."

"मेलेली गाय सांगितली?"

"ते अजून तसं म्हणत नाहीत."

डॉक्टरांनी वही मिटली. मागे माणसांची रांग होती. कुणाचं तरी बाळ रडत होतं. "हे बघा," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "दुसरा फॉर्म मी देऊ शकत नाही. नवीन पुस्तक यायला महिना जाईल. पेनाने खोडलंत तर रद्द. पण शेऱ्याचा रकाना रिकामा आहे. तिच्यापुढे 'मृत' असं छापून आणा, खाली दुरुस्त आकडा छापा. शिक्का मी उद्या पुलावरच मारीन."

बाजारात परत येईपर्यंत ऊन चढलं होतं. डिझेल आलं, गिरणी सुरू झाली. केन्यांगीने पडद्यावरचा सगळा मजकूर पुसला, फक्त पहिल्या ओळीच्या शेऱ्यात एक शब्द ठेवला आणि खाली नवा आकडा, आधीच्या आकड्याशेजारी. साध्या कागदावर छापून बघितलं. शब्द बरोबर बिहोगोपुढे पडत होता. तिने पुन्हा एकदा छापलं. बरोबर होतं.

एक गोष्ट मात्र साध्या कागदाने तिला सांगितली नाही. खरा फॉर्म एकदा प्रिंटरच्या तापल्या रुळांतून जाऊन आलेला होता. त्याच्या कडा किंचित वळल्या होत्या. तिने तो टेबलावर हाताने दाबून सपाट केला, ट्रेमध्ये ठेवला आणि बटण दाबलं. आतल्या चाकाने कागद पकडला, एकदा सोडला आणि पुन्हा पकडला. तो घसरल्याचा आवाज तिला ऐकू आला. तोवर उशीर झाला होता.

आकडा चौकोनाच्या कडेला, पण आत पडला होता. शब्द एक ओळ खाली गेला होता. क्याशापुढे लिहिलेलं होतं, मृत.

तिने ड्रॉवरमधून ब्लेड काढलं. आधी साध्या कागदावरच्या शब्दावर खरवडून बघितलं. शाई निघाली तशी कागदाची सालही निघाली. तिने ब्लेड परत ठेवलं. एझ्रा दारात येऊन उभा होता. त्याने फॉर्म बघितला. "पाणी पी," एवढंच म्हणाला.

त्या संध्याकाळी काटुंगी दूध काढायला बसला तेव्हा तिने भोपळा धरता धरता त्याला सांगितलं. क्याशा शेजारीच उभी होती. तिची बरगडी न् बरगडी दिसत होती, पण डोळे स्वच्छ होते. बिहोगो गेल्यापासून कळपाच्या पुढे तीच चाले.

"आकडा बरोबर आहे ना?" काटुंगीने विचारलं.

"आकडा बरोबर आहे. पण अहो, कागदावर हीच मेलीय."

"कागदावर. हिला काय कळतंय? उद्या साहेबानं बिहोगो म्हटलं की मी हिच्याकडे बोट दाखवीन. रंग तोच आहे. इतक्या कागदांत साहेबाला नाव कुठलं आठवतंय? आकड्याला आकडा जुळला की झालं."

"आणि तुमच्या वडिलांनी ऐकलं तर?"

काटुंगीने आचळ सोडलं, हात मांडीला पुसले. "बाबांना पुलापर्यंत येऊ नका म्हणून मी सांगतोय दोन दिवस. त्यांचे गुडघे बघितलेस का तू? ते यायचे नाहीत."

पण ते आले. पहाटेच कळपाच्या पुढे काठी टेकत निघाले आणि ऊन तापायच्या आत पुलाशी पोचले. केन्यांगी फॉर्म पुठ्ठ्यांच्या मधे घालून मागून चालत होती. पुलावर आधीच धूळ उठली होती. पलीकडच्या ओल्या रानाचा वास वाऱ्यावर येत होता आणि गाई माना वर करून हंबरत होत्या. डॉक्टर ओद्वार अडसराशी टेबल टाकून बसले होते. एकेका घराची गुरं नुसती मोजून सोडत होते.

कारेग्येसाच्या फॉर्मपाशी ते थांबले. "या कागदात गडबड होती," ते म्हणाले. "हा मी वाचून घेईन. एकेक सोडा."

काटुंगी पुढे झाला. म्हातारा अडसराच्या खांबाला टेकून उभा राहिला.

"बिहोगो. गडद तांबडी."

"हीच, साहेब." काटुंगीने क्याशाच्या पाठीवर हात ठेवला. क्याशा अडसराकडे दोन पावलं चालली. शिपायाने बांबू उचलायला हात घातला.

केन्यांगीने म्हाताऱ्याकडे बघितलं. त्याचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. ते नाव मोठ्याने पुकारलं गेलं होतं आणि त्या नावाला एक गाय उठून चालू लागली होती. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर असं काही आलं की केन्यांगीने मान खाली घातली.

"पुढची," डॉक्टर म्हणाले. "क्याशा. गडद तांबडी, कपाळावर पांढरं. शेरा, मृत."

"काय?" म्हातारा म्हणाला.

"मेलेली आहे. तिच्या पुढची, गाजू..."

"कोण मेलीय?"

"बाबा, तुम्ही तिकडे सावलीत बसा," काटुंगी घाईने म्हणाला.

म्हातारा खांबापासून सुटला आणि क्याशाच्या समोर जाऊन उभा राहिला. तिच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर त्याने तळहात ठेवला. मग तो वळला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सुनेच्या डोळ्यांत बघून बोलला.

"पोरी, हे तू लिहिलंस?"

भोवती माणसं होती, सगळी ऐकत होती. "मीच," ती म्हणाली. "कागद घसरला. एक ओळ खाली गेली. ते हिच्या आईपुढे लिहायचं होतं."

"हिच्या आईपुढे."

"हो."

"बाबा, राहू द्या," काटुंगी दात आवळून पुटपुटला. "गाय पार होतेय. नावात काय ठेवलंय? होऊ द्या."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलंच नाही. तो डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, ही क्याशा आहे. ही जिवंत आहे. मेली ती बिहोगो." तो शब्द त्याच्या तोंडातून निघाला तेव्हा आवाज फाटला, तरी त्याने तो परत उच्चारला. "बिहोगो मेली. मीच पुरली. हिला तिच्या नावावर नेऊ नका. जितं जनावर मेलेलीच्या नावानं नदी ओलांडणार नाही."

काटुंगीने डोक्याला हात लावला. मागून कुणी तरी ओरडलं, "अहो, आवरा की! आमची गुरं उन्हात उभी आहेत!"

डॉक्टर ओद्वारांनी कागद खाली ठेवला. मग चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "आजोबा, तुम्ही गप्प बसला असता तर मी आत्तापर्यंत शिक्का मारला असता."

"ठाऊक आहे."

"आता मी काय करू? कागदावर जी जिवंत आहे ती इथे नाही. इथे जी उभी आहे ती कागदावर मेलेली आहे. पलीकडच्या नाक्यावरही हाच कागद वाचतील. मला दोघींनाही सोडता येणार नाही."

"बाकीच्या?"

"बाकीच्या जातील. ही मागे राहील. नवीन पुस्तक आलं की हिच्या एकटीसाठी फॉर्म देईन. माझ्या हाताने देईन."

"महिनाभर ही काय खाईल, साहेब?" केन्यांगी मध्येच बोलली. तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

डॉक्टरांनी शिक्का उचलून शाईच्या पेटीत दाबला.

क्याशाला दोरी लावावी लागली. कळप पुलावर चढला तशी ती ओढ घेऊन हंबरायला लागली आणि पुढे गेलेल्या गाई पुलाच्या मध्यावर थबकून मागे बघू लागल्या. काटुंगी त्यांना काठीने ढकलत होता, शिव्या देत होता आणि बाहीने तोंड पुसत होता. म्हातारा दोरी धरून उभा होता. ती आवरण्याइतकं बळ त्याच्यात नव्हतं. केन्यांगीने पुठ्ठे खाली टाकले आणि दोरीचं दुसरं टोक मनगटाला गुंडाळलं.

काटुंगी कळपाबरोबर पलीकडे गेला आणि घरात दोन माणसं आणि एक गाय उरली. पलीकडून निरोप आला की बाकीच्या पोचल्या, पोटं भरताहेत, गाजू व्यायली. म्हाताऱ्याने तो ऐकून मान हलवली. केन्यांगी पहाटे बोअरिंगवर रांग लावून दोन डबे पाणी आणी. दुपारी गिरणी थांबली की दुकान बंद करी, केळीचे गड्डे शोधत फिरे, ते डोक्यावरून आणून कोयत्याने बारीक तोडी. तळहाताला फोड आले, फुटले, आणि त्यांत केळीचा चीक चरचरला. क्याशा गड्डे खाई. पाणी मात्र पिईना. कळपाबरोबर तलावावर पिणारी गाय ती. बादलीत तोंड घाली, श्वास सोडी, पाण्यावर तरंग उठवी आणि पुलाच्या दिशेला बघत राही.

तिसऱ्या दिवशी तिची नाकपुडी कोरडी दिसली. केन्यांगीने बादली पुढे ढकलली, मागे घेतली, तिचा ओठ ओला केला. गाय ढिम्म.

"तशी नाही प्यायची ती," मागून म्हातारा म्हणाला.

ती वळली. मधे एझ्रा नव्हता, कुणीच नव्हतं.

"मग कशी?"

"पाण्यावर आणली की गुराख्यानं शीळ घालायची असते. काटुंगी घालतो. मी घालत होतो." त्याने ओठ पुढे काढले. पुढचे दात नव्हते. नुसती हवा बाहेर आली. त्याने पुन्हा केलं. पुन्हा हवाच. तो ओशाळला आणि दुसरीकडे बघू लागला. मग म्हणाला, "तू घाल."

"मी?" ती हसली आणि पटकन तोंडावर हात धरला. गुरांवर शीळ घालणं हे बायकांचं काम नव्हतं, आणि सासऱ्यासमोर तर कुणी ऐकलंही नव्हतं. "मला येत नाही, मामंजी."

"कुणाला येतं आधी? ओठ भिजव. जोर लावू नकोस, लांबव. झोपलेलं पोर उठू नये, इतकीच."

तिने ओठ भिजवले. पहिल्यांदा फुर्र झालं. दुसऱ्यांदा एक बारीक चिरका आवाज निघाला आणि तुटला. क्याशाचा एक कान वळला.

"हं," म्हातारा म्हणाला. "तीच. सोडू नको."

तिने डोळे मिटून घेतले, लाज सगळी गालांवर येऊ दिली आणि शीळ लांबवली. वाकडीतिकडी, मध्ये मध्ये नुसती हवा होणारी. बराच वेळ काही झालं नाही. मग बादलीच्या पत्र्यावर शिंग घासल्याचा आवाज आला, आणि मागोमाग पाणी ओढून घेतल्याचा. लांब, सावकाश घोट. तिला थांबून बघावंसं वाटलं. पण म्हाताऱ्याने हात वर करून तिला खुणावलं, आणि ती श्वास घेऊन पुन्हा शीळ घालू लागली.